आनाला कुणीच खरं का सांगत नाही?

प्रश्न : ताई, तुम्ही सुचवलेला ‘एल एस्पिरितु दे ला कोल्मेना’ हा स्पॅनिश चित्रपट आम्ही दोघांनी पाहिला. छोटी आना डोळ्यांसमोरून हलत नाही. पण आई पत्रं कुणाला लिहिते, वडिलांच्या आयुष्यात पूर्वी काय घडलं, पडक्या घरात लपलेला तो माणूस कोण, यातलं काहीच शेवटपर्यंत कळत नाही. नवरा म्हणतो, दिग्दर्शकाने फसवलं. आमचं काही बघायचं राहिलं का?

उत्तर : नाही, तुमचं काहीच राहिलेलं नाही. त्या घरातली मोठी माणसं ज्या गोष्टी बोलत नाहीत, त्या दिग्दर्शक व्हिक्तोर एरिसेही बोलत नाहीत. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीसुद्धा पत्र कुणाला जातंय याच्याच मागे होते. त्या नादात समोर चाललेलं कितीतरी निसटलं.

सुरुवातीची पाटी आठवा : कास्तिलच्या पठारावरचं एक ठिकाण, 1940 च्या सुमारास. स्पेनचं यादवी युद्ध 1 एप्रिल 1939 ला संपलं होतं, लष्करी हुकूमशहा फ्रँको जिंकला होता. हरलेल्या बाजूचे कुणी तुरुंगात होते, कुणी सीमा ओलांडून फ्रान्समध्ये, आणि बाकीचे घरात तोंड मिटून बसलेले. आई पत्रात लिहिते की, तू पाहिलेल्या घरातल्या भिंती तेवढ्या उरल्यात. तो ‘तू’ प्रियकर असेल, नातलग असेल. आपल्याला कळतं ते एवढंच, की तो युद्धात हरवला आणि त्याच्याबद्दल या घरात चकार शब्द काढायचा नाही. वडिलांचंही तसंच. आना अल्बम चाळते त्यात तरुणपणीच्या वडिलांसोबत विचारवंत मिगेल दे उनामुनो दिसतात. उनामुनोंनी 1936 मध्ये सालामांकाच्या विद्यापीठात फ्रँकोच्या सेनापतीला भर सभेत सुनावलं होतं आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, घरात नजरकैदेत असताना, ते गेले. हा फोटो पडद्यावर जेमतेम काही क्षण असतो. चित्रपट आला 1973 साली. फ्रँको हयात होता, सेन्सॉर होतं. तिथल्या प्रेक्षकाला तेवढे क्षण पुरत होते, कारण असले न बोलले जाणारे फोटो त्याच्या स्वतःच्या घरात होते.

(आमच्याही अल्बममध्ये एका फोटोतला एक माणूस कात्रीने कापलेला होता. विचारलं की उत्तर यायचं, ‘मोठी झालीस की सांगू.’ मी मोठी झाले तोवर सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. आना अल्बमवर बोट फिरवते तिथे मला दरवेळी तो फोटो आठवतो.)

आता फसवण्याबद्दल. फसवलं जातं ते आनाला, आणि ते करते तिची मोठी बहीण इसाबेल. गावात ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा राक्षसाचा चित्रपट लागतो. तळ्याकाठी राक्षस आणि छोटी मुलगी पाण्यात फुलं सोडत असतात आणि लगेच पुढे तिचा बाप तिचं कलेवर उचलून आणतो. मधलं काहीच दिसत नाही, कारण राक्षस मुलीला पाण्यात फेकतो तो तुकडा त्या काळच्या प्रतींमधून कापलेला असायचा. म्हणजे आनाचा प्रश्न त्या कापलेल्या जागेतूनच उगवतो : त्याने तिला का मारलं? मग त्याला का मारलं? तो बघताना आनाचं काम करणाऱ्या आना तोरेंतचा चेहरा पाहिलात ना? तो अभिनय नाही. सहा वर्षांची ती मुलगी तो चित्रपट खरोखरच पाहत होती आणि छायाचित्रकार लुईस क्वाद्रादो कॅमेरा हातात धरून समोर बसले होते.

रात्री अंथरुणात ती बहिणीला तेच विचारते. इसाबेलला उत्तर ठाऊक नसतं, म्हणून ती रचून सांगते : तो मेलाच नाही, तो आत्मा आहे, डोळे मिटून ‘सोय आना’, म्हणजे ‘मी आना’, म्हटलंस की भेटेल. खोटं उत्तर, पण त्या घरात तिला मिळालेलं एकमेव. म्हणून पडक्या घरात जखमी माणूस दिसल्यावर आना घाबरत नाही, सफरचंद पुढे करते. त्याला वडिलांचा कोट नेऊन देते, खिशातल्या घड्याळासकट.

पुन्हा पाहाल तर नाश्त्याचा प्रसंग सोडू नका. रात्री गोळ्या झाडल्या गेल्यात. ज्या खोलीत ‘फ्रँकेन्स्टाइन’ दाखवला, तिथेच पडद्यासमोर त्या माणसाचं प्रेत ठेवलंय आणि वडिलांना त्यांचं घड्याळ परत मिळालंय. टेबलाशी चौघंही आहेत, पण एका चौकटीत कधीच नाहीत, एकेकटे दिसतात. वडील घड्याळाचं झाकण उघडतात, आतली धून वाजते, आना मान वर करते. कोट कुणी नेला ते त्यांना कळतं, आणि तिलाही कळतं की आता तो माणूस नाही. कुणी एक शब्द बोलत नाही. त्या क्षणी वडिलांनी तिला जवळ घेतलं असतं तर, असं मला दरवेळी वाटतं.

प्रश्न : हाच चित्रपट आठ वर्षांच्या मुलीला दाखवू का?

उत्तर : मी इतक्यात दाखवणार नाही. इसाबेल मांजराचा गळा आवळते आणि ओरखड्याचं रक्त ओठांना लावते. पुढे ती मेल्याचं सोंग घेऊन निपचित पडते. हे दोन्ही प्रसंग लहान मुलांच्या मनात घर करतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी, शेजारी बसून जरूर दाखवा.

तोवर तुम्ही एरिसेंचाच 2023 चा ‘सेरार लोस ओहोस’, म्हणजे ‘डोळे मिटणं’, बघून घ्या. आना तोरेंत त्यातही आहे, आता पन्नाशी ओलांडलेली. गोष्टीत तिच्या बापाची स्मृती गेलीय. ती त्याच्यासमोर बसते, डोळे मिटते आणि म्हणते, ‘सोय आना.’