दीर्घिकेतला दांडा कशाचा?

प्रश्न : एनजीसी १३६५ या दीर्घिकेचे छायाचित्र मी वर्गात दाखवले. मधून आरपार गेलेला पट्टा पाहून सातवीतल्या एका मुलीने विचारले, की हा गुऱ्हाळातल्या चरकाच्या आडव्या लाकडासारखा फिरतो का आणि दीर्घिकांच्या एवढ्या गर्दीत तो मोडत कसा नाही? मला नीट सांगता आले नाही.
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : मुलीची उपमा फिरण्यापुरती चांगलीच जुळते. मात्र चरकाचे लाकूड अखंड असते, दीर्घिकेतला हा पट्टा, म्हणजेच दंड, तसा नसतो. असंख्य ताऱ्यांच्या लांबट कक्षा एकाच दिशेने जुळून आल्या, की हा आकार दिसतो. प्रत्येक तारा आपापल्या कक्षेत धावत असतो आणि सर्वांचा मिळून झालेला दंड सुमारे ३५ कोटी वर्षांत एक फेरा पूर्ण करतो. मोडावे असे सलग तिथे काही नसतेच.

दंडाचा खरा प्रभाव वायूवर पडतो. त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीमुळे वायूची फिरण्याची गती खर्ची पडते आणि तो केंद्राकडे ओघळू लागतो. छायाचित्रात दंडाला लागून ज्या काळसर रेषा दिसतात, ती याच वाटेवर दाटलेली धूळ आहे. त्या रेषा मुलांना बोटाने गिरवायला सांगाव्यात. केंद्राभोवती साचलेल्या वायूतून नवे तारे जन्मतात. आपल्या आकाशगंगेलाही असाच दंड आहे, हेही त्यांना अवश्य सांगावे.

आता गर्दीविषयी. ही दीर्घिका सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या अश्मंत, म्हणजेच फोर्नॅक्स, दीर्घिकासमूहात आहे. अशा समूहात दीर्घिकांच्या मधल्या जागेत अतितप्त, विरळ वायू पसरलेला असतो. त्यातून वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेचे तारे जागच्या जागी राहतात, पण तिचा स्वतःचा वायू हळूहळू हिरावला जातो. कन्या या दुसऱ्या दीर्घिकासमूहातील एम ९१ या दंडयुक्त दीर्घिकेत वायूची ही चणचण स्पष्ट दिसते, तर एनजीसी १३६५ मध्ये अजून भरपूर वायू आहे.

जेम्स डनलॉप यांनी ही दीर्घिका १८२६ मध्ये ऑस्ट्रेलियातून शोधली. लंडनहून ती क्षितिजाच्या जेमतेम वर येते. बेळगावहून मात्र डिसेंबरच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला जवळजवळ ३८ अंश उंच असते. नुसत्या डोळ्यांना ती दिसणार नाही. गावापासून दूर, अंधाऱ्या माळावर आठ-दहा इंची दुर्बीण लावली, तर फिकट धुरकट डागातून तो दंड ओळखता येतो.