नाताळचा गोठा, स्टार आणि लायटिंग कधी उतरवायचं आणि पावसाळ्यात खराब होऊ नये म्हणून कसं ठेवायचं?

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की त्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला सगळं उतरवा, आणि बॉक्समध्ये भरायच्या आधीच खराब झालेलं बाजूला काढा, नंतर ते कधीच होत नाही. आमच्याकडे वसईत दरवर्षी असंच करतो. सगळ्यात आधी गोठ्यातलं गवत टाकून द्या, पुढच्या वर्षी चालेल म्हणून ठेवलं तर उंदीर आणि झुरळं हमखास येतात आणि जूनपर्यंत त्याला बुरशीचा वास सुटतो. लाइटच्या माळा एकदा लावून बघा, ज्या पेटत नाहीत त्या लगेच ई-कचऱ्यात, बाकीच्या पुठ्ठ्याला दोन खाचा मारून त्याच्यावर गुंडाळा म्हणजे डिसेंबरमध्ये गुंता सोडवत बसावं लागत नाही. मातीच्या मूर्ती कोरड्या ब्रशने पुसून एकेक पेपरात गुंडाळायच्या, बाळ येशूची वेगळ्या छोट्या डब्यात, कारण तीच सगळ्यात आधी हरवते. कागदी स्टार घडी करून सपाट ठेवा, वर वजन नको. आणि थर्माकोलच्या गोठ्याजवळ डांबरगोळ्या अजिबात टाकू नका, त्याने थर्माकोल विरघळतो आणि चिकट होतो, त्यापेक्षा नवीन चप्पल-बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका.

फक्त काही घरांत गोठा २ फेब्रुवारीपर्यंत ठेवायची पद्धत असते, घरात मोठी माणसं असतील तर त्यांना विचारूनच हात लावा.