अंग चोरून सायकल चालवू नकोस

अगं,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. घर कर्वेनगरला, नोकरी शिवाजीनगरला, सायकलनेच जायचं असं तू ठरवलंयस, पण आई नको म्हणतेय आणि पहिल्याच आठवड्यात तुलाही धडकी भरलीये, तर मावशी काय करू? चालव, हेच माझं उत्तर आहे. पण तू आत्ता जशी चालवतेयस, म्हणजे फूटपाथला चिकटून, मागून हॉर्न आला की आणखी आत, तशी अजिबात नको. आईची भीती खोटी नाहीये आणि ती खरी ठरेल अशाच ठिकाणी तू रोज सायकल घालतेयस, म्हणून आधी एवढंच लिहिते, बाकीचं मागाहून.

कडेला सेफ वाटतं ना, पण उद्या जाताना जरा बघ कडेला काय काय असतं. खडी, वाळू, रस्त्याच्या लेव्हलपेक्षा खाली गेलेली चेंबरची झाकणं, डांबर संपून सिमेंट सुरू होतं तिथली ती लांब फट जिच्यात पुढचं चाक घुसलं की हँडल तुझं राहत नाही, अचानक थांबणाऱ्या रिक्षा, गाड्यांच्या मधून फोनवर बोलत बाहेर येणारी माणसं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पार्क केलेल्या कार. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे त्याचा दरवाजा उघडतो तो बरोबर तू जातेस त्या बाजूला, आणि दरवाजा उघडताना मागे बघणारे लोक कमीच. गाडीत डोकं दिसतंय का, मागचे लाल दिवे आत्ताच विझले का, आरशात कोणाचा चेहरा आहे का, एवढं लांबूनच बघत जायची सवय लाव, पण त्याच्यावर विसंबू नकोस. दरवाजा पूर्ण उघडला तरी तुला लागणार नाही इतकं अंतर ठेवूनच जायचं, म्हणजे साधारण एक मीटर.

कडेला गाड्या नसल्या तरी फूटपाथपासून एक मीटर सोडूनच चालव. तू अंग चोरलंस की मागच्या कारवाल्याला वाटतं, आहे जागा, निघेल माझी, आणि मग तो तुझ्या कोपराला घासून जातो. तू थोडी बाहेर असलीस की त्याला स्पीड कमी करावा लागतो नाहीतर नीट बाजूला होऊन ओव्हरटेक करावं लागतं, तो चिडेल, हॉर्न वाजवेल, वाजवू दे, हॉर्न वाजवला म्हणजे त्याने तुला बघितलंय. ज्याने बघितलेलंच नाही त्याची काळजी कर. तुझ्या उजवीकडे मोकळा रस्ता असेल आणि मागे लाइन लागली असेल तर द्यायची साइड, त्यात कमीपणा नाही, पण ती तू ठरवून द्यायची, घाबरून नाही.

दुसरं म्हणजे सरळ रेषेत चालव. दोन पार्क केलेल्या गाड्यांच्या मधे मोकळी जागा दिसली की आत जायचं आणि पुढची गाडी आली की परत बाहेर यायचं, हे नवीन माणसं फार करतात आणि प्रत्येक वेळी बाहेर येताना मागच्याला दचकवतात. वळायच्या आधी मागे वळून बघता आलं पाहिजे, हँडल न हलवता. हे आपोआप येत नाही, एखाद्या मोकळ्या ग्राउंडवर जाऊन पांढऱ्या पट्टीवरून चालवत मागे बघायची प्रॅक्टिस कर, चार-पाच दिवसांत जमतं. मग हात दाखव, अगदी लांब, खांद्यापासून. आपल्याकडे हात दाखवलेला लोक बऱ्यापैकी मानतात असा माझा अनुभव आहे, सायकलवाल्या बाईने आत्मविश्वासाने हात दाखवला तर जास्तच.

पीएमपीएमएलची बस स्टॉपला थांबत असेल तर तिच्या डाव्या बाजूने घुसायचं नाही, कधीच नाही, ऑफिसला उशीर झाला तरी नाही. ड्रायव्हरला तू तिथे दिसत नाहीस आणि उतरणारी माणसं तुझ्या अंगावर येतात. मागे थांब, बस जाऊ दे. आणि मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर तीन लेन ओलांडून मधे जाऊन उभं राहायची काही गरज नाही, सरळ सिग्नलला पलीकडे जा, तिथे डाव्या कोपऱ्यात सायकल वळवून उभी कर आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की त्यांच्याबरोबर जा. एखादा मिनिट जास्त जातो, जाऊ दे.

आता रस्ता. तू कर्वे रोडने जातेयस ते सोडून दे. मोटारीला जो रस्ता जवळचा असतो तोच सायकलला चांगला असतो असं नाही, आणि पुण्यात तर आतल्या गल्ल्या ही चैन आहे. अलंकार चौकीवरून पटवर्धन बाग, मेहेंदळे गॅरेज, मग नळस्टॉपला तो एक मोठा चौक, वर दुमजली पूल, पुलावरून मेट्रो, खाली सगळा गोंधळ, तिथे हवं तर सरळ उतर आणि चालत ओलांड. एकदा पलीकडे गेलीस की प्रभात रोडच्या गल्ल्या लागतात, झाडांची सावली, गाड्या कमी, कमला नेहरू पार्क, भांडारकर रोड, गुडलक चौक आणि तिथून जंगली महाराज रोड. हा सगळा प्रवास सहा-सात किलोमीटरचा, निवांत गेलीस तरी पाऊण तासाच्या आत पोचशील. जंगली महाराज रोडला सायकल ट्रॅक आहे, पण त्यावर माणसं चालत असतात, लहान मुलं असतात, तिथे अगदी हळू, घंटी वाजवत, आणि फारच गर्दी असेल तर रस्त्यावर ये, तो रस्ता तुझाही आहे. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि मग सगळी वाहनं म्हात्रे पुलाकडे, नळस्टॉपकडे वळतात, त्या दिवशी अर्धा तास लवकर निघ.

सायकलला स्वतःला फार काही लागत नाही गं. पहिली गोष्ट हवा. आठवड्यातून एकदा भर, टायरच्या बाजूला बारीक अक्षरात आकडा लिहिलेला असतो तेवढी. तुझ्या हायब्रिड सायकलला साधारण साठ पीएसआयच्या आसपास चालेल, पण टायरवर काय लिहिलंय तेच खरं. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, तशी दिसली तर समज की काटा-बिटा काही नव्हता, आपणच हवा भरली नव्हती. आणि पंक्चर काढायला शीक. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे एका दुपारी जाऊन बस, ते प्रेमाने शिकवतात. सोल्युशन लावणं सोपं आहे, महत्त्वाचं काम त्याच्या आधीचं. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोटं फिरवायची, एकदम हळू, पूर्ण गोल, कारण तो बाभळीचा काटा किंवा जुन्या टायरमधून निघालेली केसाएवढी तार आतच बसलेली असते, बाहेरून दिसत नाही, बोटाला मात्र टोचते. ती तशीच ठेवून नवीन ट्यूब घातलीस तर ऑफिसला पोचायच्या आत परत पंक्चर, आणि मग लोक म्हणतात की ट्यूब खराब आहे. बोटांनी फिरवताना ज्या जागी टोचलं तिथे पकडीने काढ, मग उलट दिशेने परत एकदा फिरव.

सीट तू खूप खाली ठेवलीयस, फोटोत दिसलं. पायडल अगदी खाली असताना टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला पाहिजे. गुडघे दुखतायत ते त्याच्यामुळे, वयामुळे नाही, तुझं वय काय आहे!

मडगार्ड दोन्ही बसव, पावसाच्या आधी. पहिल्या पावसाच्या दिवशी तर फारच जपून, रस्त्यावरचं वर्षभराचं ऑइल वर येतं आणि सगळं निसरडं होतं, त्यात झेब्राचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि झाडांखाली पडलेल्या पाल्याफुलांचा लगदा ह्या तिन्हींवर ब्रेक नाही आणि वळण नाही, सरळ जायचं. तुझे ब्रेक रिमला धरणारे आहेत, रिम ओली असली की चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ते नुसतेच घसरतात, मग धरतात, तेवढं अंतर आधीपासून ठेव. मागचा लाल दिवा ब्लिंकिंगवर, पावसात दिवसाही. ओढणी घरी. रेनकोटचा पायजमा चेनच्या बाजूने बांधून घे.

घामाचं विचारलंस. घाम येतो तो बहुतेक पोचल्यावर, थांबल्यावर. म्हणून शेवटचा एक किलोमीटर अगदी आरामात, आणि पाठीवर सॅक नको, कॅरिअर बसवून त्यावर बॅग लाव, पाठ भिजत नाही. पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बस, मग ओला नॅपकिन, मग कपडे बदल. एक ड्रेस आणि चपला ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेव. वॉचमन सायकल लावू देत नाही, मागे डस्टबिनपाशी लाव म्हणतो असं म्हणालीस, तिथे मुकाट्याने लावू नकोस. एचआरला मेल कर, साधा, दोन ओळींचा, की मी रोज सायकलने येते, पार्किंगमध्ये खांबाला लॉक करता येईल अशी जागा हवी. एका कारच्या जागेत सात-आठ सायकली आरामात राहतात, हे पण लिही. कुलूप फ्रेम आणि मागचं चाक दोन्हीतून गेलं पाहिजे, नुसतं चाकाला नको.

आणि ते बाइकवाले. तू त्याबद्दल एकाच वाक्यात बोललीस आणि विषय बदललास, पण मला ऐकू आलं. होतं असं, बाईला सायकलवर बघितलं की काही जणांना शेजारून काहीतरी बोलून जायचं असतं. रेस लावायची नाही, उत्तर द्यायचं नाही, आणि घाबरून कडेला तर मुळीच जायचं नाही, तेच त्यांना पाहिजे असतं. मागेच लागला तर पेट्रोल पंप, मेडिकल, चहाची टपरी, जिथे माणसं असतील तिथे थांब, नंबर मोठ्याने वाच, 112 लाव. परत येताना अंधार पडलाच तर त्या शांत गल्ल्या सोडून मुद्दाम मोठ्या रस्त्याने ये, सकाळचा आणि रात्रीचा रस्ता एकच असायला पाहिजे असं कुठे आहे.

आईशी मी बोलीन, पण माझ्या बोलण्याने ती ऐकणार नाही, तिला मी शाळेपासून ओळखते. तिला तू चालवताना बघू दे. रविवारी सकाळी नको, रविवारच्या मोकळ्या रस्त्यावर काहीच सिद्ध होत नाही, कामाच्या दिवशी नऊ वाजता, ती स्कूटरवर मागून येऊ दे.

त्याच्या आधी एकदा आपण दोघी जाऊ. बुधवारी मला सुट्टी आहे, साडेआठला अलंकार चौकीपाशी ये. तू पुढे, मी मागे, म्हणजे तू फूटपाथपासून किती लांब आहेस ते मला दिसेल आणि आत गेलीस तर ओरडता येईल. सीट आदल्या रात्रीच वर करून ठेव, पान्हा नसेल तर फोन कर, माझ्याकडे आहे.

तुझी मावशी