'प्रूफ ऑफ दॅट' : मधला 'ऑफ' गेला कुठे?

घोडबंदर रोडवरच्या एका ताईंनी विचारलंय, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या नोटिशीत त्यांनी लिहिलं 'देअर इज नो प्रूफ ऑफ दॅट ही हॅज पेड' आणि कॉलेजातल्या लेकीने त्यातला 'ऑफ' खोडून टाकला. शाळेत तर 'प्रूफ ऑफ', 'बिलीफ इन', 'होप ऑफ' अशा जोड्या घोकून घेतल्या होत्या, मग आता काय झालं?

ताई, लेकीचं बरोबर आहे. 'ऑफ', 'इन', 'टू' अशा प्रिपोझिशननंतर नाम चालतं, सर्वनाम चालतं, आयएनजीवालं रूप चालतं, म्हणजे 'प्रूफ ऑफ पेमेंट', 'होप ऑफ गेटिंग वॉटर' वगैरे. पण 'दॅट' लावून अख्खं वाक्य आलं की प्रिपोझिशन गळतं. 'बिलीफ इन गॉड', पण 'बिलीफ दॅट गॉड एक्झिस्ट्स'. कानाला खटकत नाही कारण नुसतं 'आय वॉन्ट प्रूफ ऑफ दॅट' एकदम करेक्ट आहे, तिथे 'दॅट' म्हणजे 'ते', पुढे वाक्य नाही.

आणि आपली गडबड मराठीमुळे होते. आपण म्हणतो 'त्याने पैसे भरले याचा पुरावा', त्या 'याचा'चं डोक्यात सरळ 'ऑफ दॅट' होतं. पण गंमत बघा, 'की' आलं की आपणही हेच करतो! 'माझा देवावर विश्वास आहे', पण 'माझा विश्वास आहे की देव आहे'. 'वर' गेला, आणि कोणाला चुकल्यासारखंही वाटत नाही.

आता खरी मेख. प्रत्येक नामाला हे जमत नाही, प्रिपोझिशन उडवलं आणि झालं असं नाही. 'बिलीफ', 'न्यूज', 'फिअर', 'होप' यांच्यापुढचं 'दॅट'चं वाक्य म्हणजे त्या नामाच्या पोटातला मजकूर असतो. तो येणार ही बातमी, पाणी जाईल ही भीती, असं 'ही' लावून म्हणता आलं की बिनधास्त 'दॅट' लावा. पण 'अटेन्शन' घ्या. 'पाणी गळतंय हे लक्ष' असं कोणी बोलत नाही, 'याकडे लक्ष' म्हणावं लागतं. अशा वेळी इंग्रजीत मध्ये 'द फॅक्ट' घुसवतात, 'अटेन्शन टू द फॅक्ट दॅट द टँक इज लीकिंग'. 'एम्फसिस ऑन' चंही तसंच. 'प्रूफ' आणि 'एव्हिडन्स' मात्र या चाचणीत बसत नाहीत, मराठीत 'याचा पुरावा'च म्हणावं लागतं, तरी इंग्रजीत थेट 'दॅट' चालतो, ते दोन लक्षात ठेवायचे.

सगळ्यात फसवं 'ऑब्जेक्शन'. 'ऑब्जेक्शन टू द मोबाइल टॉवर' म्हणजे टॉवरलाच हरकत. 'ऑब्जेक्शन दॅट द टेरेस इज वीक' म्हणजे टेरेस कमकुवत आहे हा हरकतीचा मुद्दा, हरकत भलत्याच कशाला तरी असेल. पाहुणे आत गाड्या लावतात याला हरकत आहे आणि तुम्ही लिहिलंत 'अवर ऑब्जेक्शन दॅट व्हिजिटर्स पार्क इनसाइड', तर गोंधळच. 'ऑब्जेक्शन टू व्हिजिटर्स पार्किंग इनसाइड' लिहा, सुटसुटीत.

'द फॅक्ट दॅट' कामाचं आहे पण आपल्याकडे ऑफिसच्या मेलमध्ये त्याचा नुसता पाऊस असतो. 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' ऐवजी 'बिकॉज' आणि 'डिस्पाइट द फॅक्ट दॅट' ऐवजी 'ऑल्दो', बहुतेक वेळा एवढ्यात भागतं.

हां, आणि हा नियम फक्त 'दॅट'पुरता. 'व्हेदर', 'हाऊ', 'व्हॉट' आले की प्रिपोझिशन आपल्या जागी शाबूत, 'द क्वेश्चन ऑफ व्हेदर टू रीपेंट' (पुन्हा रंग द्यायचा का), 'नो आयडिया ऑफ व्हॉट इट कॉस्ट्स'.

कोणीतरी 'इन दॅट' काढणारच म्हणून सांगते, हो, 'धिस लिफ्ट इज बेटर इन दॅट इट हॅज अ बॅकअप' बरोबर आहे, 'एक्सेप्ट दॅट' पण. जुन्या इंग्रजीत असं बरंच चालायचं, 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'बिफोर दॅट फिलिप कॉल्ड दी' (फिलिपने तुला बोलावण्याआधी) असं सरळ लिहिलंय. आता तो 'दॅट' गेला, नुसतं 'बिफोर' उरलं. 'इन दॅट' तेवढं टिकलंय, पण जरा वकिली वाटतं, नोटिशीत 'बिकॉज' बरं.