तलावाच्या दुरुस्तीवर नवा आलास, तर आधी पाझर बघ

भाऊ, नगर परिषदेच्या तलावावर रुजू झालास ना, मग रोज सकाळी पहिले पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पायथ्याशी जा. पाझर असणारच, मातीच्या पाळीला तो असतोच. पण पाणी गढूळ येऊ लागलं, तर आतली माती वाहून चालली आहे असं समज आणि त्याच घटकेला अभियंत्याला फोन कर, दुपारच्या रिपोर्टाची वाट पाहू नको. व्ही-नॉचवर, म्हणजे पाझर मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवर, पाण्याची उंची दुप्पट दिसली तर पाझर दुप्पट नाही, साडेपाच पटीहून जास्त झालेला असतो. नोंदीत पाऊस आणि तलावाची पातळीही लिही, त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

पिचिंगसाठी, म्हणजे पाळीच्या आतल्या उतारावर दगड बसवायला, तलाव रिकामा करायची घाई ठेकेदाराला असतेच. तू अडून बस. पाणी झपाट्यानं उतरलं की ओली पाळ आतल्या बाजूनं घसरते, आपल्या काळ्या मातीत तर हमखास.

गाळ ढवळला की गढूळपणा रोज मोज. पिण्याच्या पाण्याला १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) हवा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. आणि पाणी उतरवण्याआधी ढीवर बांधवांना सांग. मासोळीवर त्यांचं घर चालते.