क्वेंकात पहिले तीन महिने

इक्वेडोरमधल्या क्वेंका शहरात येऊन राहायचा तुमचा बेत चांगला आहे, निर्धास्त या. भारतीय पासपोर्टवर इक्वेडोरचा व्हिसा आधी काढावा लागतो, तेवढं निघण्यापूर्वी उरका. कर आणि कायम रहिवासाचं नंतर बघू.

सगळ्यात जास्त पैसे घरात जातात, आणि नवखे लोक चुकतातही तिथेच. भारतात बसून, इंग्रजी जाहिरात बघून वर्षाचा करार करू नका. त्या जाहिराती परदेशी माणसांसाठीच असतात, भाडंही तसंच. आधी महिनाभर एखादी खोली घ्या आणि पायी हिंडा. खिडक्यांवर ‘से आरिएंदा’ (भाड्याने देणे आहे) अशा पाट्या दिसतील. तिथे थेट घरमालकाशी बोला. घर उन्हाचं बघा. शहर अडीच हजार मीटरवर आहे, रात्री गारठतात आणि घरांत हीटर सहसा नसतो. विषुववृत्त जवळ म्हणून नुसते सुती कपडे आणणारे पहिल्याच आठवड्यात स्वेटर शोधत फिरतात.

बाकी थोडक्यात:
- दुपारी ‘आल्मुएर्सो’ घ्या: सूप, भात, भाजी किंवा मांस, सरबत. अगदी स्वस्तात पोट भरतं. शाकाहारी असाल तर सूप कशाचं आहे ते आधी विचारा.
- भाजी-फळं फेरिया लिब्रेच्या बाजारातून. आयात माल महाग पडतो.
- चलन अमेरिकी डॉलरच आहे, पण सुटे ठेवा. मोठी नोट कुणी घेत नाही.
- स्पॅनिश आजपासून शिका. आकडे आणि भाव विचारणं आधी.

उंचीमुळे पहिले दोन-तीन दिवस दम लागेल. तेव्हा चढ चढू नका, पाणी भरपूर प्या.