दुरुस्तीचा सिग्नल मिळतोय, तरी डबा सात-आठ मीटर लांब का सापडतो?

तुमचा प्रश्न मला असा समजला: नव्या हँडहेल्डमध्ये (हातातल्या जीपीएस यंत्रात) तुम्ही डब्ल्यूएएएस/एग्नोस, म्हणजे उपग्रहावरून दुरुस्तीचा सिग्नल घेण्याचा पर्याय चालू केला. उघड्यावर उपग्रहांच्या सिग्नलच्या पट्ट्यांवर दुरुस्तीची खूण असलेलं ‘डी’ अक्षर दिसतं आणि यंत्र ३ मीटर अचूकता दाखवतं. झाडीत शिरलं की ‘डी’ जातो आणि जिओकॅश (जीपीएसने शोधण्याच्या खेळात कुणीतरी लपवलेला डबा) दाखवलेल्या जागेपासून सात-आठ मीटरवर निघतो. मग यंत्र खराब आहे की सेटिंग चुकलंय?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला दोन्ही वाटत नाही. दुरुस्तीचा सिग्नल आकाशात झालेली चूक दुरुस्त करतो. तुमच्या आजूबाजूला, झाडापाशी आणि कड्यापाशी होणाऱ्या चुकीची त्याला खबरच नसते. हा फरक नीट कळला की निम्मी चिडचिड कमी होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. सिग्नल तिथून निघून आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला, एवढंच यंत्र मोजतं. वेळेत एक अब्जांश सेकंदाची चूक झाली, तर अंतरात ३० सेंटीमीटरची होते. उपग्रहाचं घड्याळ किंचित सरकलेलं असतं, तो कक्षेत सांगितलेल्या जागेपासून थोडा हललेला असतो आणि वाटेत आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित कणांचा वरचा थर, सिग्नलला उशीर करतं. या तिघांत आयनांबर सर्वांत त्रासदायक. त्याचा उशीर दुपारी वाढतो, पहाटे कमी असतो, सूर्य जास्त सक्रिय असलेल्या वर्षांत आणखी चढतो, आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात तर सूर्यास्तानंतरही त्याची चंचलता सुरूच राहते. यासाठी जीपीएस स्वतः एक ढोबळ गणित पाठवतं, पण त्याने साधारण निम्माच उशीर भरून निघतो.

उरलेल्यासाठी ही दुरुस्ती यंत्रणा आहे. जमिनीवरच्या अनेक केंद्रांचे निर्देशांक अगदी बारकाईने मोजलेले असतात. जीपीएस सांगतंय ती जागा आणि खरी जागा यांतला फरक ती केंद्रं सतत टिपतात. मुख्य केंद्र त्यावरून प्रत्येक उपग्रहासाठी दुरुस्ती काढतं आणि ती ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहाकडे पाठवतं. तो उपग्रह ती जीपीएसच्याच १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर खाली सोडतो, म्हणून हातातल्या साध्या यंत्राला वेगळा रेडिओ किंवा अँटेना लागत नाही. हे सगळं मुळात विमानांना सुरक्षित उतरता यावं म्हणून उभारलं. अमेरिकेची डब्ल्यूएएएस २००३ मध्ये सेवेत आली, जपानची एमसास २००७ मध्ये, युरोपच्या एग्नोसची खुली सेवा २००९ मध्ये, आणि भारताच्या गगनला विमानं उतरवण्याच्या मार्गदर्शनासाठी २०१५ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याला त्याचा लाभ फुकट मिळतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

या सिग्नलचा वेग सेकंदाला फक्त २५० बिट आहे. आयनांबराची माहिती पाच-पाच अंशांच्या जाळीने येते. जाळीच्या प्रत्येक गाठीवर किती उशीर आहे ते सांगितलं जातं आणि मधलं गणित यंत्र करतं. ही सगळी जाळी उतरायला काही मिनिटं लागतात. यंत्र बरेच दिवस बंद असेल किंवा खूप लांबून प्रवास करून आला असाल, तर भूस्थिर उपग्रह शोधण्यातच आणखी वेळ जातो. तेव्हा गाडीतून उतरलात की यंत्र चालू करून लगेच खिशात टाकू नका. उघड्यावर, शक्यतो ज्या बाजूला भूस्थिर उपग्रह आहेत तिकडचं आकाश मोकळं ठेवून, पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. उत्तर गोलार्धात ती बाजू दक्षिणेची.

सिग्नल दिसतोय याचा अर्थ दुरुस्ती लागू पडतेय, असा नाही. इथे पुष्कळ जण फसतात. भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या जवळपास एक तृतीयांश भागावरून दिसतो, पण जमिनीवरची केंद्रं त्या-त्या प्रदेशापुरतीच असतात. आयनांबराची जाळी जिथे संपते तिथे तुमच्या डोक्यावरची माहिती कुणाकडेच नसते. अशा ठिकाणी पट्टी छान उंच दिसेल आणि फायदा काहीच होणार नाही. कोणता उपग्रह पकडलाय ते क्रमांकावरून कळतं. अनेक हँडहेल्ड मूळ क्रमांकातून ८७ वजा करून दाखवतात, त्यामुळे दुरुस्तीचे उपग्रह ३३ पासून पुढे दिसतात. गगनचे १२७ आणि १२८ पडद्यावर ४० आणि ४१ म्हणून येतात. तुमच्या प्रदेशाच्या यंत्रणेचा क्रमांक दिसतो का ते आधी तपासा. बाकीच्या पट्ट्यांवर ‘डी’ आला, म्हणजे त्या उपग्रहांवर दुरुस्ती खरोखर वापरली जातेय.

आता झाडीकडे येऊ. जीपीएसचे उपग्रह सरकत असतात. आत्ता फांदीआड असलेला अर्ध्या तासात मोकळ्यात येतो. भूस्थिर उपग्रह मात्र जागचा हलत नाही, त्यामुळे टेकडीच्या सावलीत असाल तर दिवसभर थांबलात तरी तो दिसणार नाही. ६० अंश अक्षांशावर तो जास्तीत जास्त २२ अंशांच्या आसपास उंच दिसतो. म्हणजे उत्तरेकडच्या दाट जंगलात तो मिळणं जवळपास नशिबाचा भाग. आधी उतरवलेल्या दुरुस्त्या काही मिनिटं कामी येतात, मग यंत्र त्या टाकून देतं आणि ‘डी’ जातो. तुमच्याकडे हेच घडतंय.

आणि ‘डी’ टिकला असता तरी सात मीटरची चूक तीनवर आली असती याची खात्री नाही. ओली पानं सिग्नल दुबळा करतात. कडा, भिंत, मोठा खडक यांवर आपटून आलेला सिग्नल लांबचा रस्ता घेऊन पोचतो आणि यंत्राला तेच खरं अंतर वाटतं. तुमचं स्वतःचं शरीरही एका बाजूचं आकाश झाकतं. दुरुस्ती केंद्रांना यातलं काही दिसत नाही. यंत्र अंगापासून दूर धरणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. आत चपटी अँटेना असेल तर यंत्र आडवं, आकाशाकडे तोंड करून धरा. वर जाडसर दांडी असलेलं असेल तर उभं.

पडद्यावरच्या ३ मीटरवर फार विसंबू नका. तो यंत्राचा स्वतःचा अंदाज असतो आणि प्रत्येक निर्माता तो आपल्या पद्धतीने काढतो. दुरुस्ती मिळाली की यंत्राचा आत्मविश्वास वाढतो, आकडा खाली येतो. परावर्तित सिग्नलमुळे जागा सरकलेली असेल, तर ते त्या आकड्यात पूर्ण उतरत नाही.

शिवाय सगळी चूक तुमचीच नाही. डबा लपवणाऱ्यानेही कधीतरी असंच यंत्र धरून निर्देशांक घेतलेत. त्याची चूक ४ मीटर आणि तुमची ४ मीटर असेल, तर दोघांची मिळून साधारण ५.७ मीटर होते. त्यात निर्देशांक मिनिटाच्या तीन दशांश स्थळांपर्यंतच लिहिले जातात. अक्षांशात शेवटचा एक अंक म्हणजे १.८५ मीटर. म्हणून सात-आठ मीटर हे झाडीत मला अगदी नेहमीचं वाटतं. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम घातलेली चूक काढली, त्याआधी नागरी यंत्रं १०० मीटरपर्यंत चुकायची. पहिला डबा ओरेगनमध्ये ठेवला गेला तो दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी. खेळ जन्मला तोच चूक आटोक्यात आली म्हणून. पण ती शून्यावर कधीच आलेली नाही.

म्हणून माझा सगळ्यात जास्त आग्रह लपवणाऱ्यांना असतो. तुम्ही एकदा नीट मोजलंत तर पुढच्या प्रत्येक शोधणाऱ्याचा त्रास वाचतो. वेपॉइंटची (यंत्रात नोंदवलेल्या जागेची) सरासरी घेण्याची सोय वापरा, पण एका जागी दहा मिनिटं उभं राहून घेतलेली सरासरी फसवी असते, कारण त्या दहा मिनिटांत चूक फारशी बदलतच नाही. एका मोठ्या निर्मात्याच्या पुस्तिकेत चार ते आठ नमुने, दोन नमुन्यांत किमान ९० मिनिटं, असं सांगितलंय आणि ते योग्य आहे. तेवढ्या वेळात उपग्रहांची मांडणी बदलते. दुसऱ्या दिवशी परत जाणार असाल तर वेगळ्या वेळी जा. जीपीएसची मांडणी दररोज सुमारे चार मिनिटं आधी पुन्हा तशीच होते, त्यामुळे त्याच सुमारास गेलात तर कड्यावरून येणारी तीच चूक पुन्हा पदरात पडते. मी हे फार उशिरा शिकलो. एका घळीतल्या डब्याचे निर्देशांक सलग तीन दिवस सकाळी सातला घेतले, तिन्ही एकमेकांशी सुंदर जुळले, आणि तिन्ही एकाच बाजूला सरकलेले निघाले.

शोधताना शेवटच्या दहा मीटरमध्ये बाणामागे धावू नका. तिथे चूक आणि अंतर सारखंच असतं, बाण गोल फिरणारच. वीस-तीस मीटर अलीकडे, जरा मोकळ्या जागी थांबा. आकडा स्थिर झाला की दिशा आणि अंतर बघा आणि होकायंत्राच्या दिशेने चालत जा. मग दुसऱ्या बाजूने, शक्यतो काटकोनात, तसंच करा. दोन रेषा जिथे छेदतात तिथून हातांनी आणि डोळ्यांनी शोध सुरू.

सेटिंगचं पटकन सांगतो. बॅटरी बचतीचा पर्याय बंद ठेवा, काही यंत्रांत तो चालू असला की दुरुस्तीचा सिग्नल घेतलाच जात नाही. डेटम (निर्देशांक ज्या संदर्भ-पद्धतीवर मोजतात ती) डब्ल्यूजीएस-८४ हवा. तुमची जागा जवळच्या रस्त्याला चिकटवण्याचा पर्याय बंद. गॅलिलिओ, ग्लोनास (युरोप आणि रशियाच्या जीपीएससारख्या यंत्रणा) असतील तर चालू करा. आजच्या बहुतेक दुरुस्त्या फक्त जीपीएसच्या उपग्रहांसाठी असतात हे खरं, पण झाडीत जास्त उपग्रह दिसणं हे दुरुस्तीपेक्षा मोलाचं ठरतं. पुढे कधी यंत्र बदललंत तर दोन वारंवारता घेणारं बघा. आयनांबराचा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे असं यंत्र तो स्वतःच मोजू शकतं, आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झचा एल-५ सिग्नल परावर्तन ओळखण्यातही बराच सरस आहे. पण त्यासाठी हे यंत्र आत्ताच परत करू नका.

आधी एक चाचणी करा. ज्याचे निर्देशांक डब्ल्यूजीएस-८४ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झालेत असा, उघड्यावरचा एखादा सर्वेक्षण बिंदू गाठा. दुरुस्ती चालू ठेवून आणि बंद ठेवून, दिवसाच्या तीन-चार वेगवेगळ्या वेळी नोंदी घ्या आणि सगळ्या कागदावर मांडा. बंद असतानाच्या नोंदी पाच मीटरच्या आसपास विखुरल्या आणि चालू असतानाच्या त्याहून जवळ आल्या, तर यंत्र ठणठणीत आहे. मोकळ्या आकाशाखाली प्रत्येक वेळी दहा मीटरच्या वर आणि एकाच बाजूला गेलात, तर आधी डेटम पुन्हा बघा. तोही बरोबर असेल तरच तक्रार करा.